गोळीनंतरची पाच पानं

“गोळीपाशी थांबायचं न्हाई, बाई. गोळी वाजली की लोक उठतेत. लोक उठले तरी तुमी उठायचं न्हाई. पुढचं सांगायचं.”

नागनाथ गुरुजींचा हा आवाज विजयमालाबाईंना दरसाल याच सकाळी ऐकू येई, आणि तोही नेमका मुंग्यांना पीठसाखर घालताना. गुरुजी जाऊन आठ वर्षं झाली होती. आवाज मात्र अजून फळ्यापुढं उभे असल्यासारखा खणखणीत. बाई वारुळापाशी वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, “सांगते हो गुरुजी. औंदा सांगते.” हेच आपण मागच्या सालीही म्हणालो होतो, हे आठवलं तेव्हा त्यांचं त्यांनाच कसंसं झालं.

बोरीजवळच्या त्या गावात बाईंनी तीस वर्षं शाळा शिकवली होती. आता निवृत्त. नेमाच्या बाई म्हणून आजूबाजूच्या चार गावांत माहीत. मुंग्यांना पीठ, तुळशीला पाणी, पोथीचा रोज एक अध्याय, महिन्याची संकष्टी चंद्र उगवेपर्यंत नुसत्या पाण्यावर. शिवाय एक नेम असा होता, जो कुणाला दिसत नसे. आवाज चढवायचा नाही. फार वर्षांपूर्वी पहिलीच्या वर्गात त्या एका पोरीवर अशा खेकसल्या की पोरीनं बसल्या जागी परकर ओला केला. त्याच दिवशी घरी येऊन देवीपुढं हात जोडून बाईंनी हा नेम घेतला. तेव्हापासून सुनेवर नाही, दूधवाल्यावर नाही, तुळस खाणाऱ्या शेळीवरसुद्धा त्यांचा आवाज कधी चढला नाही.

गुरुजी त्याच शाळेचे हेडमास्तर. त्यांना एका माणसाचं वेड होतं आणि तो माणूस सात समुद्रांपलीकडचा होता. अब्राहम लिंकन. लाकडी ओंडक्यांच्या खोपटात जन्मलेला, हरत हरत एक दिवस अमेरिकेचा अध्यक्ष झालेला. देश मधोमध फाटला, भाऊ भावावर बंदूक घेऊन उठला, तेव्हा चार वर्षं ती दोन्ही टोकं मुठीत धरून बसलेला. आणि शत्रूच्या मोठ्या सेनापतीनं हत्यार खाली ठेवल्यावर पाचव्याच दिवशी, हसायचं नाटक बघताना, मागून गोळी लागून पडलेला. गुरुजींनी त्याची सगळी हकिकत वीस पानांच्या वहीत लिहून काढली होती आणि दरवर्षी त्याच्या पुण्यतिथीला शाळेच्या लिंबाखाली ते ती वाचत.

आता ही पुण्यतिथी तिथीवर कशी गेली, त्याची एक गंमतच आहे. गोळी लागली चौदा एप्रिलला. त्या दिवशी तर गावात बाबासाहेबांची जयंती. निळे झेंडे, मिरवणूक, आणि मिरवणुकीत खुद्द गुरुजी पुढं. प्राण गेला पंधराला सकाळी. पंधराला अख्खं गाव थकून झोपलेलं. मग गुरुजींनी बोरीच्या एका जाणत्या माणसाकडून पंचांग मागं मागं मोजून घेतलं. चैत्र वद्य चतुर्थी का पंचमी, यावरून दोन दिवस वाद. गोळी लागली ती तिथी धरायची का प्राण गेला ती? आणि तिकडची रात्र म्हणजे आपल्याकडची सकाळ, त्याचं काय? गुरुजींनी शेवटी हात झटकले. “चतुर्थी धरा. संकष्टी असतीय. बाया इसरत न्हाईत.”

बाया खरंच विसरल्या नाहीत. पण गुरुजींच्या लक्षात एक गोष्ट आली नव्हती. तिथीनं पुण्यतिथी महाराजांची असते, बुवांची असते. एकदा माणूस तिथीवर गेला की त्याच्यामागं नारळ येतो, नारळामागं आरती येते, आरतीमागं प्रसाद येतो. गुरुजींच्या पश्चात दोनच वर्षांत कार्यक्रम शाळेच्या लिंबाखालून उठून मारुतीच्या मंडपात आला, आणि कधी आला ते कुणालाच नीट सांगता आलं नसतं.

गुरुजींच्या मागं आपल्याकडं आलेली वही पिशवीत घालून बाई मंडपापाशी आल्या आणि जागीच थबकल्या.

वेशीएवढा फ्लेक्स. त्यावर लिंकन. दाढी तीच, गालफडं तीच, डोळ्यांतला थकवाही तोच. पण डोक्यामागं सोन्याची प्रभावळ आणि कपाळावर ठसठशीत अष्टगंध. खाली लाल अक्षरांत ‘प. पू. लिंकनबुवा पुण्यतिथी सोहळा. फराळाच्या महाप्रसादाचा लाभ घ्यावा.’

“भुजंग,” बाई हळूच म्हणाल्या.

भुजंग स्पीकरच्या वायरी सोडवत होता. फ्लेक्स त्याचा, साऊंड त्याचा, मंडपही त्याचाच. “कसा झालाय बाई? एक नंबर झालाय का न्हाई?”

“अरे, त्यांच्या कपाळाला गंध कशाला लावलंस?”

“कपाळ लय रिकामं दिसायलं होतं.”

“आणि टोपी? त्यांची उंच काळी टोपी असते.”

“ती फ्लेक्सात बसंना. मंग टोपी काढली. टोपी काढली तर वर जागा उरली. जागेला काय करावं? म्हणून प्रभावळ टाकली.” भुजंगनं हे असं सांगितलं, जसं काही गणितच सोडवून दाखवलं.

“ते बुवा नव्हते रे. अध्यक्ष होते.”

“आदी अध्यक्षच असतेत बाई, मंग बुवा होतेत.”

बाईंनी डोळे मिटून एकदा नाम घेतलं. रोज देवपूजा करणारी बाई आपण. देव कोण आणि देव कोण नाही, हे या गावात आपल्याला नाही तर कुणाला कळायचं? गुरुजींनी तर वहीत स्वच्छ लिहिलं होतं, ‘हा माणूस चुकत चुकत शिकला, हे गाळू नये.’ आधी तो म्हणत होता, देश टिकला पाहिजे, गुलामगिरीचं मागून बघू. सेनापती नेमायचा, तो हरायचा, दुसरा नेमायचा. आपल्याला नावं ठेवणाऱ्यांनाच त्यानं मंत्री करून जवळ बसवलं. गुलामांच्या सुटकेचा जाहीरनामा काढला तोही आधी नुसता बंडखोर राज्यांपुरता. पण एकदा पुढं टाकलेलं पाऊल त्यानं मागं घेतलं नाही. प्रभावळ लावली की यातलं काय उरतं? प्रभावळवाला कधी चुकतो का?

तेवढ्यात सरपंच आले. योगीराज. बाईंचाच विद्यार्थी, पाढे म्हणताना सतराला अडणारा. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल.

“नमस्कार बाई. बसा, बसा. आज जिल्ह्याचे दोन पाहुणे यायलेत. तुमी आपलं नेहमीसारखं वाचायचं. थोडक्यात.”

“योगीराज, औंदा मला वीसच्या वीस पानं वाचू दे. मधे कुणाला उठू देऊ नको. पंधराव्या पानावर गोळी लागते, त्याच्यापुढं पाच पानं आहेत.”

“वाचा की बाई! आपल्याच घरचा कार्यक्रम हाय. कोण अडवायलंय तुमाला?”

त्याचा एक मोबाइल वाजला आणि तो बोलत बोलत गेला. बाईंना त्यातल्या त्यात बरं वाटलं. शब्द तर दिला पोरानं.

दहाला सुरू व्हायचा कार्यक्रम अकराला सुरू झाला. पाहुणे दोनाऐवजी पाच आले, म्हणून पाच शाली, पाच नारळ आणि पाच जणांची पाच भाषणं. पहिल्या पाहुण्यानं लिंकनला थोर संत म्हटलं. दुसऱ्यानं थोर शास्त्रज्ञ म्हटलं. तिसऱ्यानं फ्लेक्सकडं वळून दोनदा बघितलं आणि सावधपणे ‘थोर’वरच थांबला. बाईंच्या मांडीवर वही होती आणि वहीवर त्यांचे दोन्ही हात. वैतागाला तोंडातून वाट नसली की तो बोटांत येतो. वहीचा कोपरा त्यांनी दुमडून दुमडून पार मऊ केला होता.

शेवटी माईक त्यांच्या हातात आला.

बाई वाचू लागल्या. आवाज लहान, पण शब्द सुटा सुटा. आणि गंमत अशी की लोक ऐकू लागले. ओंडक्यांचं खोपटं आलं तेव्हा बाया पुढं सरकल्या. लढाई चालू असतानाच लिंकनचा अकरा वर्षांचा लेक तापानं गेला, तिथं एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. कडेला, मंडपाच्या दोरीला हात धरून, एक काळीसावळी बाई उभी होती. काखेत करडू. ती मेंढरंवाल्यांतली अंबाबाई. गावच्या शिवारात तिचा वाडा महिनाभर उतरला होता, म्हणजे मेंढरं, जाळी आणि संसार सगळं एका वावरात. ती खाली बसली नव्हती, पण डोळा हलवत नव्हती.

बाईंना वाटलं, औंदा होतंय. औंदा होतंय, गुरुजी.

पंधरावं पान आलं. नाटकघर. खुर्चीत अध्यक्ष, शेजारी बायको. खाली लोक खदखदून हसायलेत. आणि त्या हसण्याचा मोका साधून, ते नाटक तोंडपाठ असलेला एक नट पाठीमागच्या दारानं आत येतो.

“आणि त्यानं,” बाई म्हणाल्या.

ढिश्क्यांव!

मंडपातली कबुतरं उडाली. भुजंगनं साऊंडवर बंदूक वाजवली होती. पाठोपाठ रडवी सनई. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “फुलं टाका, फुलं!” आणि संतांच्या समाधीच्या वेळेला टाकतात तशी चहूकडून फुलं उडाली. झेंडूच्या पाकळ्या बाईंच्या केसांत, वहीत, माईकवर. सगळा मंडप उभा राहिला. घंटा वाजली. आरती सुरू झाली, तीही गणपतीची, कारण लिंकनची आरती कुणाला येत नव्हती आणि आज संकष्टीच होती.

“अजून पाच पानं आहेत,” बाई म्हणाल्या.

माईक एव्हाना योगीराजच्या हातात गेला होता. “प्रसाद घेतल्याबिगर कुणी जाऊ नये! बायांनी डाव्या अंगाला!”

“योगीराज. अरे, पाच पानं.”

“वा बाई, लय भारी! अंगावर काटा आला!” तो कानाशी वाकून ओरडला. “गोळीला नेमकी सनई. दरसालपेक्षा रंगतदार झालं. आता पुढचं पुढच्या साली.”

“दरसाली तू हेच म्हणतोस.”

“मंग काय करावं, बाई? माणूस मेल्यावर काय राहतंय सांगायचं?”

 तेच तर सांगायचं होतं. सोळाव्या पानावर तेच तर लिहिलं होतं.  एका हाकेत वर्ग गप्प करणारा, फार वर्षांपूर्वी देवीपुढं गुंडाळून ठेवलेला तो जुना आवाज ओठांपर्यंत आला. एक हाक मारली असती तर मंडप खाली बसला असता. त्यांनी ओठ घट्ट मिटले, पाकळ्या झटकल्या आणि वही पिशवीत घातली. दरसाल घालत तशीच.

पाहुण्यांबरोबर फोटो झाला. बाईंना प्रभावळीखालीच उभं केलं होतं.

घराकडं निघाल्या तर मागून हाक आली. “मास्तरीणबाई! ओ मास्तरीणबाई!”

अंबाबाई होती. एका हातात खिचडीचा द्रोण, काखेत ते करडू, आणि करडाचं तोंड द्रोणाकडं.

“एक इच्यारू का? ते लोक सुटले म्हनलाव. गुलाम.”

“हो. सुटले.”

“मंग पुढं काय झालं तेंचं?”

बाई रस्त्यातच उभ्या राहिल्या. आठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. जिल्ह्याच्या पाहुण्यांनी नाही, शाळेच्या नव्या मास्तरांनी नाही.

“तू कशाला विचारतेस गं?”

अंबाबाईनं करडाचं तोंड बाजूला केलं. “माझा बाप सालगडी होता. पाडव्याला साल धरायचं, पुढच्या पाडव्याला पुना धरायचं. आशी चवदा सालं एकाच घरी. ढोरामागं, वावरात, रातच्याला आखाड्यावर, ढोरांच्या गोठ्यातच निजायचं. एका पाडव्याला मालक म्हनला, जा, तू आता मोकळा. बाप वेशीपस्तोर गेला. तितं झाडाखाली दिसभर बसला. सांजच्याला वापस त्याच घरी. माय म्हनली, का हो आलाव? तर म्हनला, मोकळं होऊन कुटं जावं, ते कुनी सांगितलंच न्हाई.” तिनं करडू वर सरकवलं. “तवा म्हनलं, तेयला तरी कुनी सांगितलं का? जमीन गिमीन दिली का? का गेले वापस?”

सतरावं पान. बाईंना ते डोळे मिटून दिसत होतं, गुरुजींच्या तिरक्या अक्षरासकट. सुटलेल्यांतल्या काहींना जमिनीचे तुकडे मिळाले होते. नांगर घातला, पेरा केला. लिंकन गेल्यावर खुर्चीवर बसलेल्यानं त्या जमिनी जुन्या मालकांना परत देवविल्या. अठराव्या पानावर ते त्याच मालकांच्या वावरात वाट्यानं राबायला गेले ते. एकोणिसाव्यावर मताचा हक्क, मिळालेला आणि पुन्हा धाकानं हिसकावलेला. विसाव्यावर त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी शंभर वर्षांनी काढलेले मोर्चे, आणि लिंकनच्या पुतळ्यापुढं भरलेली त्यांची सभा. सगळ्यात खाली गुरुजींची एक ओळ, ‘इथून पुढचं ऐकणाऱ्यानं बघायचं.’

“ही मोठी हकिकत आहे, अंबाबाई. रस्त्यात नाही सांगता येत.”

“मंग वाड्यावर या. नाल्यापलीकडं, सरपंचाच्याच वावरात हाव आमी. पर आजच या. उद्या कोंबडं आरवायला आमचा वाडा हालतोय चारठाण्याच्या अंगाला. परत इकडं यायला पुढलं साल लागंल.”

पुढलं साल. हा शब्द सकाळपासून बाईंनी दुसऱ्यांदा ऐकला. “येते,” त्या म्हणाल्या. “दिवस मावळायच्या आत येते.”

घरी आल्यावर उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी आली. सून दीपिकानं पाणी दिलं, केसांतली पाकळी काढली. “मामी, तुमच्या लिंकनबुवाची गोळी आमाला हितवर ऐकू आली बरं का. शेजारच्यांचं लेकरू दचकून उठलं.”

“तू तरी बुवा म्हणू नको गं बाई. बेजार झाले मी.”

“औंदा तरी गेलाव का गोळीच्या पुढं?”

बाईंनी पिशवी खुंटीला अडकवली.  पंखा लावून दीपिका आत गेली.

खाटेवर पडल्या पडल्या बाई योगीराजवर चिडल्या, भुजंगवर चिडल्या, सनईवर चिडल्या, गणपतीच्या आरतीवर चिडल्या आणि त्याबद्दल गणपतीची क्षमा मागितली. मग गुरुजींवर चिडल्या. तिथी तुम्हीच धरलीत ना? बाया विसरत नाहीत म्हणालात ना? बायांनी लक्षात ठेवलं ते हे असं. आणि कुणावर चिडायचं उरलं नाही तेव्हा त्यांचा वैताग फिरून त्यांच्याच उशाशी येऊन बसला.

आठ वर्षं. दरसाली माईक गेला, दरसाली आपण वही पिशवीत घातली आणि मनाला सांगितलं, मी काय करणार, माझा नेम आहे. पण देवीपुढं नेम घेतला तो आवाज न चढवण्याचा. गप्प बसण्याचा कुठं घेतला होता? गुरुजी खाटेवर होते, हातात बळ नव्हतं, तरी वही त्यांनी स्वतः उचलून दिली होती. आपण म्हणालो होतो, “वीसच्या वीस सांगते, गुरुजी.” मंडपात सांगते असं कुठं म्हणालो होतो? पाहुण्यांपुढं, माईकवर, असं तरी कुठं?

बाई उठून बसल्या.

चार वाजले होते. ऊन अजून भिंतीवर तापत होतं. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, देवापुढं दिवा सारखा केला, डोक्यावर पदर घेतला. पिशवीत वही, चष्मा आणि पाण्याची बाटली.

“आता कुटं निघालाव, मामी?” दीपिका दारात आली. “सकाळधरनं पोटात पाण्याबिगर कायी न्हाई. चक्कर यील. आन् योगीराज येऊन गेला. म्हनला, पाहुन्यांबरोबरचा फोटो लय छान आलाय, मोठा करून देतो.”

“बरं.”

“चंदर निघायच्या आत येताव ना?”

“येईन. जवळच जायचंय. नाल्यापलीकडं.”

“नाल्यापलीकडं काय हाय?”

“पाच पानं राहिलीत,” बाई म्हणाल्या आणि चप्पल पायात सरकवली.

मंडपापाशी भुजंग फ्लेक्स उतरवत होता. एक दोरी सुटल्यानं लिंकन तिरका लोंबत होता आणि प्रभावळ दुमडून मागं गेली होती. नुसता चेहरा दिसत होता, थकलेला, गंधासकट. भुजंगनं वरून विचारलं, “बाई, एवढ्या उन्हात?” बाईंनी नुसता हात वर केला आणि चालत राहिल्या.

गाव संपलं. कापलेल्या हरभऱ्याची वावरं लागली. नाल्यात पाणी नव्हतं. वाळूवर मेंढरांच्या खुरांची रांग पलीकडं गेली होती. बाईंनी पिशवी छातीशी धरली, वहीचा मऊ झालेला कोपरा बोटानं चाचपला, आणि त्या रांगेच्या कडेकडेनं नाल्यात उतरल्या. चालता चालता, वाऱ्यालाही ऐकू जाणार नाही इतक्या हळू आवाजात, त्या सोळाव्या पानाचं पहिलं वाक्य घोकत होत्या.